लॅपटॉपचा ताबा घेताना

(खंडवा येथे शाखा पदाधिकाऱ्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रत्येक शाखेला एक नवा लॅपटॉप द्यायचा ठराव आपण केला आणि त्याप्रमाणे खोकी शाखांकडे रवाना झाली. त्यानंतर आम्ही शाखांचा आढावा घेतला. काही ठिकाणी असे दिसले, की खोक्याला हार घातला, नारळ फोडला आणि खोके कपाटात ठेवून कुलूप लावले. विचारले तर उत्तर मिळाले, "सेक्रेटरी साहेबांच्या मुलाला सुट्टी लागली की तो येऊन चालू करून देईल." म्हणून आजच्या वर्गाचा पहिला तास या यंत्रासाठी ठेवला आहे. आपण बहुतेक जण दहावी-मॅट्रिक शिकून नोकरीला लागलो. इंजिन, पॉइंट्स, सिग्नल, सॉर्टिंग केस, तारखेचा शिक्का ही सारी हत्यारे आपण कामावरच शिकलो. हेही त्याच पद्धतीने शिकायचे आहे.

पण युनियनने यात का पडावे, असा प्रश्न काही बंधू विचारतात. त्याचे उत्तर आधी देतो. कामगाराचे सेवापुस्तक पूर्वी कचेरीतल्या कपाटात असे. रजा, पगारवाढ, कुटुंबाचा तपशील, सारे त्यात शाईने लिहिलेले असे. आज रेल्वेत ही नोंद एचआरएमएस या संगणक प्रणालीत गेली आहे. २०२० पासून पास त्यातूनच निघतो आणि भविष्य निर्वाह निधीच्या उचलीचा अर्जही त्यातूनच जातो. टपाल खात्यात दर्पण योजनेतून शाखा डाकघरांपर्यंत हातयंत्रे पोहोचली आणि ऑगस्ट २०२५ पर्यंत देशभरच्या डाकघरांत नवी प्रणाली लागू झाली. युनिफाइड पेन्शन योजनेचा पर्याय निवडायची मुदत ३० जून २०२५ होती, ती दोनदा वाढवून ३० नोव्हेंबर २०२५ पर्यंत न्यावी लागली. त्या काळात किती जणांनी आपला अर्ज स्वतः वाचून भरला आणि किती जणांनी दुसऱ्याच्या हाती मोबाइल देऊन "तूच भर बाबा" म्हटले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. आपली नोंद जिथे गेली आहे तिथपर्यंत आपला हात पोहोचला पाहिजे. एवढ्यासाठीच हा लॅपटॉप शाखेत आला आहे.

कामगार चळवळीला संगणक नवा नाही. १९६० च्या दशकात कलकत्त्यात विमा कर्मचाऱ्यांनी संगणकाविरुद्ध मोठा लढा दिला, कारण प्रश्न नोकऱ्यांचा होता. रेल्वेत १९८५ मध्ये दिल्लीला संगणकीय आरक्षण प्रायोगिक स्वरूपात सुरू झाले आणि पुढे ते देशभर पसरले. तारसेवा तर जुलै २०१३ मध्ये कायमची बंद झाली. यंत्र आल्यावर माणसे कमी करू नका, ही आपली मागणी तेव्हाही रास्त होती आणि आजही आहे. पण ती मागणी करणाऱ्याला यंत्राची माहिती असावी लागते. नाहीतर वाटाघाटीच्या टेबलावर समोरचा अधिकारी "सिस्टिममध्ये बसत नाही" एवढेच म्हणतो आणि आपण गप्प बसतो.

आता यंत्राकडे वळू. लोको पायलट इंजिनचा ताबा घेतो तेव्हा आधी बाहेरून फिरून पाहतो, मग आत चढतो. आपणही तसेच करू.

खोके उघडताना ब्लेड खोल घालू नका. आत लॅपटॉप, चार्जर, त्याची वायर आणि एक-दोन कागद असतात. बिलावरचा सिरियल नंबर आणि लॅपटॉपच्या पोटाखालचा सिरियल नंबर एकच आहे का ते पाहा. तो शाखेच्या डेडस्टॉक रजिस्टरात तारखेसह लिहा. बिल युनियनच्या नावाचे असावे, कोणा व्यक्तीच्या नावाचे नसावे. वॉरंटी मागताना बिलच दाखवावे लागते, म्हणून त्याची झेरॉक्स फाइलला लावा आणि खोके निदान वॉरंटी संपेपर्यंत टाकू नका.

झाकण उघडताना मधोमध धरून उघडा. एका कोपऱ्याला धरून ओढले तर बिजागरीवर ताण येतो आणि स्क्रीनला तडा जाऊ शकतो. उघडल्यावर वरच्या भागात स्क्रीन, तिच्या वरच्या कडेला बारीक भिंग, तो कॅमेरा. जवळच आवाज टिपणारा मायक्रोफोन असतो. खालच्या भागात अक्षरांचा कीबोर्ड आणि त्याच्यापुढे गुळगुळीत चौकोन, तो टचपॅड. टचपॅडवर बोट फिरवले की पडद्यावरचा बाण फिरतो. एका बोटाने टिचकी मारली की निवड होते. दोन बोटे एकदम टेकवली की जादा पर्यायांची यादी उघडते. दोन बोटे वर-खाली सरकवली की पान सरकते. बोट दाबायचे नाही, नुसते टेकवायचे. आपले हात सब्बल आणि थैल्या उचलून राठ झालेले, त्यामुळे पहिले दोन दिवस बाण भलतीकडे पळतो. तसे झाले तर साधा माउस जोडा, त्यात कमीपणा नाही.

दोन्ही कडांना खाचा असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. लांबट आयताकृती खाच यूएसबीची, तिच्यात पेनड्राइव्ह, माउस, प्रिंटर लागतात. लहान लंबगोल खाच टाइप-सी, ती सरळ-उलटी कशीही बसते आणि बऱ्याच नव्या लॅपटॉपांत चार्जिंगही तिच्यातूनच होते. खालच्या कडा किंचित तिरप्या असलेली रुंद खाच एचडीएमआयची, तिच्यातून मोठ्या टीव्हीवर चित्र दाखवता येते. सभेत सर्वांना परिपत्रक वाचून दाखवायचे तर ती उपयोगी पडते. गोल भोक हेडफोनचे. कुठलीही पिन जोर लावून घुसवायची नाही. बसत नसेल तर ती खाच तिची नाही असे समजावे.

पोटाखाली आणि कडेला जाळी असते. आतला पंखा तिथून हवा घेतो आणि गरम हवा बाहेर टाकतो. म्हणून लॅपटॉप गादीवर, रजईवर किंवा बेडिंगवर ठेवून चालवू नये. गँगहट, मालधक्का आणि शेड इथे धूळ फार, तेव्हा काम झाले की झाकण लावून पिशवीत ठेवावा. एक ताकीद कॅरेज शेडमधल्या बंधूंना. कॉम्प्रेसरची हवा जाळीत मारू नका, त्या जोराने आतला छोटा पंखा निकामी होऊ शकतो. स्क्रीन कोरड्या मऊ फडक्याने पुसा. कॉटन वेस्ट आणि रॉकेल इंजिनसाठी आहे.

आतले भाग दिसत नाहीत, पण त्यांची नावे कळली पाहिजेत, कारण दुकानदार त्याच नावांवर पैसे सांगतो. मुख्य चार. पहिला प्रोसेसर. सर्व हिशोब तोच करतो. दुसरी रॅम. आरएमएसच्या बंधूंना हे लगेच समजेल. रॅम म्हणजे सॉर्टिंगचे टेबल. थैली फोडून पत्रे टेबलावर पसरली की हात भराभर चालतो, टेबल लहान असेल तर काम अडते. आज साध्या कामाला ८ जीबीचे टेबल पुरते. पण वीज गेली आणि बॅटरीही संपली की हे टेबल साफ रिकामे होते. तिसरी एसएसडी. हे सॉर्टिंग केसचे खण. इथे ठेवलेले वीज गेली तरी जागेवर राहते. २५६ किंवा ५१२ जीबी म्हणजे या खणांची एकूण जागा. शाखेची पत्रे आणि याद्या यांना ती वर्षानुवर्षे पुरते. टेबलावरचे पत्र खणात ठेवणे म्हणजेच सेव्ह करणे. कंट्रोलची कळ दाबून ठेवून एस दाबा, एवढेच करायचे. दर दहा मिनिटांनी ते करायची सवय लावा.

चौथा भाग बॅटरी. नवी बॅटरी आधी सलग आठ तास चार्ज करावी हा सल्ला जुन्या जातीच्या बॅटरीचा होता. आजच्या लिथियम बॅटरीला त्याची गरज नाही. तिला उष्णता मानवत नाही आणि वारंवार पार शून्यावर उतरवणेही मानवत नाही. वीस टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका. पुढे कधी टचपॅड वर उचललेला दिसला किंवा पोट फुगलेले दिसले, तर बॅटरी फुगली आहे असे समजा. लगेच बंद करा, चार्जिंगला लावू नका, टोचू नका, सरळ दुरुस्तीला न्या. तिला आग लागू शकते.

चार्जरवरचा बारीक मजकूर वाचा. बहुतेकांवर इनपुट १०० ते २४० व्होल्ट असे लिहिलेले असते. म्हणजे घरच्या २३० व्होल्टवर तो चालतो आणि गाडीच्या डब्यातल्या ११० व्होल्टच्या पॉइंटवरही चालतो. मात्र आउटपुटचे आकडे प्रत्येकाचे वेगळे. दुसऱ्याचा चार्जर पिन बसली म्हणून लावू नका, आधी व्होल्टचे आकडे जुळवा. सेक्शनमधल्या स्टेशनांवर वीज कमी-जास्त होते. तिथे चार्जिंग पुरे झाले की चार्जर काढून ठेवणे बरे. रात्रभर लावून झोपू नये, घरीही नाही आणि गाडीतही नाही.

आता चालू करू. पॉवरचे बटण एकदाच दाबून सोडा आणि थांबा. पहिल्या वेळी यंत्र काही प्रश्न विचारते. देश कोणता, तर भारत. कीबोर्ड कोणता, ते नंतरही बदलता येते. मग इंटरनेट जोडायला सांगते. कचेरीत वायफाय नसेल तर मोबाइलचे हॉटस्पॉट चालू करून जोडा. मग खाते उघडायला सांगते. इथे नीट लक्ष द्या. हे खाते शाखेच्या नावाने उघडा आणि मोबाइल नंबरही शाखेचाच द्या. सेक्रेटरीच्या स्वतःच्या खात्यावर यंत्र चालू केले, तर निवडणुकीत सेक्रेटरी बदलला की नवी कार्यकारिणी कुलपाबाहेर उभी राहते. पासवर्ड कागदावर लिहून, लिफाफ्यात सीलबंद करून खजिनदाराकडे ठेवा. बदलला की लिफाफाही बदला.

यानंतर यंत्र अपडेट मागते. त्याला वेळ लागतो आणि डेटाही लागतो. चार्जर लावून ठेवा आणि मध्येच बंद करू नका. अपडेट म्हणजे नुसती सजावट नव्हे. चोरांनी शोधलेली भोके त्यातून बुजवली जातात. काही शाखा जुना, वापरलेला लॅपटॉप घ्यायचा विचार करतात. त्यांनी एक गोष्ट विचारून घ्यावी. विंडोज १० ची नेहमीची मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आहेत. यंत्र विंडोज ११ घेऊ शकते का, ते दुकानातच पाहावे. नव्या यंत्रात पत्रे लिहायचे सॉफ्टवेअर काही वेळा थोड्या मुदतीपुरतेच असते, पुढे पैसे मागते. लिबरऑफिस मोफत मिळते, त्यात मराठी चालते आणि शाखेच्या कामाला ते पुरेसे आहे.

बंद करताना पॉवरचे बटण दाबून धरू नये. तो इमर्जन्सी ब्रेक आहे, यंत्र पार अडकले तरच. एरवी स्टार्टच्या यादीतून शट डाउन निवडावे. थोडा वेळ उठून जायचे असेल तर विंडोजच्या चिन्हाची कळ आणि एल एकत्र दाबा, पडद्याला कुलूप लागते.

बरेच बंधू इथेच थांबतात, कारण त्यांना वाटते की पुढे सगळे इंग्रजी. तसे नाही. सेटिंग्जमध्ये भाषा या भागात मराठी जोडता येते. मग विंडोजची कळ आणि स्पेसबार दाबला की इंग्रजीवरून मराठीवर जाता येते. इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांसाठी सरकारने मान्य केलेला कीबोर्ड आहे. त्यात डाव्या हाताला काना, मात्रा, वेलांटी आणि उजव्या हाताला बहुतेक व्यंजने. के या इंग्रजी कळीवर क येतो, ई वर काना, सी वर म, आय वर ग, जे वर र. आता के, ई, सी, आय, ई, जे अशा सहा कळा दाबा. पडद्यावर "कामगार" उमटेल. आज प्रत्येकाने हा शब्द एकदा तरी उमटवूनच उठायचे आहे. एफ आणि जे या कळांवर बारीक उंचवटा असतो. दोन्ही तर्जन्या तिथे ठेवल्या की न बघताही बाकीच्या कळा सापडू लागतात. खंडव्यात, सूरतेत, हुबळीत नोकरी करणाऱ्या आपल्या माणसांना मराठीत निवेदन टाइप करून देणारा पूर्वी शोधावा लागे. आता ते शाखेतच होईल. आणि हाच कीबोर्ड हिंदीलाही जवळजवळ तसाच चालतो, म्हणजे विभागीय कचेरीला हिंदीत पत्र पाठवायला वेगळे शिकावे लागत नाही.

पत्र लिहून झाले की ते कुठे ठेवले हे सांगता आले पाहिजे. वर्गणी, परिपत्रके, तक्रारी, सभांची इतिवृत्ते असे चार फोल्डर करा, म्हणजे चार खण. फाइलला नाव देताना तारीख घाला. नवी यंत्रे फाइल्स आपोआप कंपनीच्या दूरच्या साठ्यातही पाठवू पाहतात. विंडोजमध्ये तो साठा ५ जीबीपर्यंत फुकट असतो, पुढे पैसे. सभासदांची यादी तिथे पाठवायची की नाही, हे कार्यकारिणीने ठरवावे, यंत्राने नव्हे. दर महिन्याला सर्व फाइल्सची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या आणि तो पेनड्राइव्ह लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नका. पिशवी चोरीला गेली तर दोन्ही जातील. आणि सापडलेला, अनोळखी पेनड्राइव्ह कधीही लावू नका.

आता शेवटची आणि महत्त्वाची गोष्ट. अनेक डेपोंत एक जाणकार माणूस असतो आणि वीस-तीस जणांचे पासवर्ड त्याच्या वहीत असतात. माणूस भला असेल, पण ही पद्धत घातक आहे. पासवर्ड आणि ओटीपी म्हणजे आपला अंगठा. अंगठा कापून कोणी दुसऱ्याच्या वहीत ठेवत नाही. उद्या कोणी उचल काढली किंवा चुकीचा पर्याय भरला, तर कागदोपत्री ते आपणच केलेले असते. युनियनचा पदाधिकारीही याला अपवाद नाही. सभासदाला शेजारी बसवा, त्याचे बोट त्याच्याच हाताने चालू द्या, पासवर्ड टाकताना तोंड फिरवा. पैशांची फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवा. जितके लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

याचा उपयोग काय होतो ते एका उदाहरणाने सांगतो. आमच्या एका शाखेत लॅपटॉप चालू झाल्यावर एक ट्रॅकमेंटेनर येऊन बसला. नोकरीची तीस वर्षे झालेली, पण स्वतःची नोंद त्याने कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती. पडद्यावर कुटुंबाचा तपशील उघडला तेव्हा थोरल्या मुलीच्या जन्मसालातले दोन आकडे उलटसुलट झालेले आणि धाकटीचे नावच नाही. त्याने तिथेच अर्ज टाइप केला, जन्मदाखले जोडले, पोच घेतली. दुरुस्ती व्हायला काही महिने लागले, पण झाली. हीच गोष्ट निवृत्तीच्या महिन्यात किंवा त्याच्या पश्चात उघडकीस आली असती, तर त्याच्या घरच्यांना किती खेटे घालावे लागले असते, याचा विचार करा. असे किती सभासद आहेत हे आपल्याला ठाऊक नाही, कारण त्यांनी अजून पाहिलेलेच नाही.

प्रशासनाकडे आपल्या मागण्या स्पष्ट आहेत. नोंदी संगणकावर नेल्या आहेत, तर प्रशिक्षण कामाच्या वेळेत आणि कामगाराच्या भाषेत द्या. गँगहट, लॉबी आणि लहान डाकघरे इथे कामगाराला वापरता येईल असे यंत्र ठेवा. आणि ज्याला यंत्र जमत नाही त्याचा कागदी अर्ज नाकारू नका. या मागण्या आपण लावून धरूच. पण त्या मान्य होईपर्यंत शाखेतला लॅपटॉप कपाटात राहता कामा नये.

म्हणून येत्या महिन्याभरासाठी प्रत्येक शाखेला तीन कामे. एक, यंत्र चालू करून शाखेच्या नावाचे खाते उघडणे आणि नंबर रजिस्टरात चढवणे. दोन, निदान पाच सभासदांना, त्यात एक तरी महिला सभासद, मराठीत अर्ज टाइप करता येईल एवढे शिकवणे. तीन, पुढच्या दोन वर्षांत निवृत्त होणाऱ्या प्रत्येक सभासदाला बोलावून त्याची नोंद त्याच्याच डोळ्यांनी तपासायला लावणे. आढळलेल्या चुकांची यादी पुढच्या बैठकीत आणा. त्या यादीवरच आपण विभागीय कचेरीशी बोलणी करणार आहोत.

आता ज्यांनी आणले आहेत त्यांनी लॅपटॉप बाहेर काढा. झाकण मधोमध धरा.

कामगार एकजुटीचा विजय असो!